नव्या करारातल्या स्त्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासवर्गात, महिला मंडळाच्या सभांत आणि धर्मशास्त्राच्या परीक्षेच्या तोंडावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. संदर्भ अध्याय आणि ओवीचे आहेत. नावांची रूपं मराठी पवित्र शास्त्रातली घेतली असून कॅथलिक भाषांतरात ती थोडी वेगळी दिसतील. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नव्या करारात या स्त्रिया नेमक्या कुठे भेटतात? सुरुवात कुठून करू?

बहुतेक जण मत्तयापासून सरळ वाचत जातात आणि मध्येच सोडून देतात. त्याऐवजी आधी रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय उघडा. पत्राच्या शेवटी नुसते सलाम आहेत म्हणून तो सगळे ओलांडून जातात, पण पहिल्या शतकातल्या खऱ्याखुऱ्या मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती समुदायाची, हजेरीच तिथे लागली आहे. त्यात दहा स्त्रिया आहेत: फीबी, प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस, रूफाची आई, युलिया आणि नीरियाची बहीण. यांतल्या मरीया, त्रुफैना, त्रुफासा आणि पर्सिस या चौघींबद्दल पत्र लिहिणारा प्रेषित पौल ‘श्रम केले’ असं म्हणतो. हेच ग्रीक क्रियापद तो स्वतःच्या प्रेषितकार्यासाठीही वापरतो (१ करिंथ १५:१०). या अध्यायात ते एकाही पुरुषाला लावलेलं नाही.

त्यानंतर लूक ८:१–३, मार्क १५:४० ते १६:८, योहान ४, ११ आणि २०, आणि प्रेषितांची कृत्ये ९, १२, १६, १८ हे अध्याय वाचा. तेवढ्यात मुख्य माणसं ओळखीची होतात.

२. इतक्या मरीया आहेत की गोंधळ होतो. कोण कोणती?

गोंधळ होणारच. त्या काळच्या पॅलेस्टाइनमधल्या यहुदी स्त्रियांत मरीया, म्हणजे मिर्याम, हे सर्वांत जास्त आढळणारं नाव होतं. दुसऱ्या क्रमांकावर शलोमे. म्हणून लेखक नावाला मुलाची, नवऱ्याची किंवा गावाची खूण जोडतात. ती खूण आधी पाहायची.

येशूची आई मरीया. मग्दालीया मरीया, म्हणजे गालील सरोवराकाठच्या मग्दाला गावची. बेथानीची मरीया, मार्था आणि लाजर यांची बहीण. धाकटा याकोब आणि योसे यांची आई मरीया (मार्क १५:४०). क्लोपाची मरीया (योहान १९:२५). योहान-मार्काची आई मरीया, जिच्या यरुशलेमातल्या घरी लोक प्रार्थनेला जमले होते (कृत्ये १२:१२). आणि रोममधली मरीया (रोम १६:६). चौथी आणि पाचवी एकच असावी असं काही अभ्यासक मानतात, पण मजकुरात तसं कुठे म्हटलेलं नाही. योहान १९:२५ मध्ये वधस्तंभाजवळ तिघी होत्या की चौघी, हेसुद्धा ‘त्याच्या आईची बहीण’ आणि ‘क्लोपाची मरीया’ या दोन वेगळ्या धरायच्या की एक, यावर ठरतं.

३. मग्दालीया मरीया वेश्या होती ना?

नाही. तसं सांगणारी एकही ओवी नाही. लूक ८:२ सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती. शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूच्या चार चरित्रांत) भूतबाधा म्हणजे आजार आणि पीडा, व्यभिचार नव्हे.

ही समजूत आली कुठून, ते तारखेसकट सांगता येतं. इ.स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात तीन वेगळ्या स्त्रिया एक केल्या: लूक ७ मधली निनावी ‘पापी’ स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया. सात भुतं म्हणजे सात पापं, असा अर्थही त्यांनी लावला. लूक ७ संपल्याबरोबर लूक ८ मध्ये मग्दालीयेचं नाव येतं, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात ही गाठ सहज बसते. पूर्वेकडच्या चर्चनी या तिघींना कधीच एक केलं नाही. पश्चिमेत मात्र चित्रकारांनी तिला मोकळ्या केसांत रडताना इतक्या वेळा रंगवलं की खुलासा कुणाच्या कानावरच गेला नाही. १९६९ मध्ये कॅथलिक पंचांगाची सुधारणा झाली तेव्हा हे मिश्रण बाजूला काढलं गेलं. २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या दिवसांइतका, म्हणजे सणाचा, दर्जा मिळाला.

तेलाच्या अभिषेकाच्या गोष्टी नेमक्या किती, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

४. ती येशूची पत्नी होती असं कुठल्या प्राचीन ग्रंथात आहे का?

नव्या करारात नाही. ज्याचा हवाला दिला जातो ते फिलिपाचं शुभवर्तमान १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक ग्रंथांपैकी आहे. त्यात तिला येशूची ‘सोबतीण’ म्हटलं आहे आणि चुंबनाचा उल्लेख आहे, पण कुठे चुंबन घेतलं हा शब्द असायला हवा तिथेच पानाला भोक पडलं आहे. ‘ओठांवर’ हा शब्द आधुनिक वाचकांनी भरलेला आहे. शिवाय त्या ग्रंथात चुंबन ही ज्ञान देण्याची खूण आहे. २०१२ मध्ये गाजलेला ‘येशूच्या पत्नीचा’ पपायरसचा तुकडा बनावट निघाला. तो पुरावा म्हणून देऊ नका.

५. शोमरोनी स्त्री तरी वाईट चालीची होती की नाही? पाच नवरे म्हणजे काय!

योहान ४ मध्ये येशू विहिरीपाशी या स्त्रीशी बोलतो, पण ‘पाप’ हा शब्द तिच्याबाबतीत येत नाही आणि येशू तिला ‘पुन्हा पाप करू नको’ असंही म्हणत नाही. त्या समाजात घटस्फोट देणं मुख्यतः नवऱ्याच्या हाती होतं आणि वैधव्य तरुण वयात येई. पाच वेळा विधवा किंवा टाकलेली झालेली बाई, ही शक्यता किमान तितकीच खरी धरावी लागते. ती भर दुपारी पाण्याला आली यावरून ‘तोंड लपवत आली’ असा निष्कर्ष काढतात, तोही मजकुराबाहेरचा आहे.

मजकुरात जे आहे ते प्रवचनांत हरवतं. शुभवर्तमानांतलं येशूचं सर्वांत लांब एकास-एक संभाषण तिच्याशी आहे. उपासना कुठल्या डोंगरावर करायची हा शोमरोनी आणि यहुदी यांच्यातला मूळ वाद ती उपस्थित करते, आणि तिच्या साक्षीवरून गावातले पुष्कळ लोक विश्वास ठेवतात (४:३९).

६. येशूला तेल लावणारी स्त्री कोण? प्रत्येक शुभवर्तमानात वेगळं का?

चार वृत्तांत आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून वाचा, म्हणजे दोन गट पडतात.

मार्क १४ आणि मत्तय २६: बेथानी, शिमोन कुष्ठरोग्याचं घर, निनावी स्त्री, तेल डोक्यावर. मार्कात वल्हांडणाला, या यहुदी सणाला, दोन दिवस उरले आहेत. योहान १२: बेथानीच, पण सहा दिवस आधी. स्त्री म्हणजे मार्थेची बहीण मरीया, तेल पायांवर, मग केसांनी पुसणं. लूक ७ मात्र पूर्ण वेगळं आहे: येशूच्या गालीलमधल्या कार्यकाळात, शिमोन नावाच्या परूश्याच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी, ‘पापी’ म्हणून गावात ओळखली जाणारी स्त्री, तिचे अश्रू, आणि विषय क्षमेचा. पहिल्या तिन्हींत विषय दफनाच्या तयारीचा आहे.

म्हणून बहुतेक अभ्यासक मत्तय, मार्क आणि योहान यांत एक घटना आणि लूकात दुसरी घटना मानतात. तपशील एकीकडून दुसरीकडे सरकले असावेत. शिमोन हे नाव दोन्हीकडे आहे, पण ते नाव तेव्हा फार प्रचारात होतं. चारही जागी ती मग्दालीया नाही.

डोक्यावर तेल ओतणं हा जुन्या करारात राजाच्या अभिषेकाचा विधी. मार्काने तो एका निनावी बाईच्या हाती दिला आणि तिची आठवण जगभर सांगितली जाईल, असंही लिहिलं. नाव मात्र लिहिलं नाही.

तेलाचं थोडं. ‘नार्द’ म्हणजे आपली जटामांसी. ती हिमालयात उगवते आणि पहिल्या शतकात भडोचसारख्या बंदरांतून रोमन व्यापाऱ्यांकडे जाई. योहान ‘लित्रा’ हे माप देतो, म्हणजे साधारण ३२७ ग्रॅम. किंमत ३०० दिनार सांगितली आहे आणि मजुराचा रोज एक दिनार होता (मत्तय २०:२). म्हणजे जवळपास वर्षाची कमाई. शिष्य चिडले ते उगीच नाही.

७. येशूसोबत फिरणाऱ्या बायका स्वयंपाकपाण्यासाठी होत्या का?

लूक ८:३ म्हणतो की त्या ‘आपल्या मालमत्तेतून’ सेवा करत होत्या, म्हणजे खर्च उचलत होत्या. तिघींची नावं आहेत: मग्दालीया मरीया, सुसान्ना आणि हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना. राजदरबारातल्या अधिकाऱ्याची बायको सुतार-कोळ्यांच्या घोळक्याबरोबर गावोगाव हिंडते, हे तेव्हा किती खटकलं असेल याचा अंदाज करता येतो.

मार्काची एक गंमत लक्षात घ्या. या स्त्रिया गालीलपासून येशूच्या मागे होत्या, हे तो थेट १५:४१ मध्ये सांगतो, पुरुष शिष्य पळून गेल्यावर. म्हणजे आधीच्या चौदा अध्यायांत जिथे जिथे ‘मागे येणारे’ आहेत, तिथे या होत्याच असं धरून पुन्हा वाचावं लागतं.

‘शिष्या’ हा स्त्रीलिंगी ग्रीक शब्द नव्या करारात एकदाच येतो, तो यापोच्या टबीथा ऊर्फ दुर्कसासाठी (कृत्ये ९:३६). मरीया येशूच्या ‘पायांजवळ बसली’ (लूक १०:३९), हीही गुरूकडे शिकण्यासाठी रूढ असलेली बोली. पौल गमलिएलाच्या पायांजवळ शिकला, असं कृत्ये २२:३ मध्ये आहे.

८. बारांमध्ये एकही स्त्री नाही. मग प्रश्नच मिटला ना?

‘बारा’ आणि ‘प्रेषित’ हे एकच नव्हेत. बारा म्हणजे येशूने निवडलेले बारा शिष्य, इस्राएलाच्या बारा वंशांची खूण, सगळे यहुदी पुरुष. यहूदाच्या जागी निवड करतानाही अट पुरुषाचीच होती (कृत्ये १:२१). पण पौल त्या बारांत नाही, बर्णबा नाही, आणि तरी दोघांना प्रेषित म्हटलं आहे (कृत्ये १४:१४). प्रेषित म्हणजे पाठवलेला. ही कक्षा रुंद होती, म्हणूनच पुढचा प्रश्न उभा राहतो.

९. युनिया पुरुष की स्त्री? आणि ती प्रेषित होती का?

रोम १६:७. पौल अंद्रोनीक आणि युनिया यांना आपले नातलग, बरोबरचे बंदिवान, आपल्या आधी ख्रिस्तात आलेले आणि ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ म्हणतो. वाद दोन आहेत. ते एकत्र करू नका, तिथेच चर्चा बिघडते.

पहिला वाद नावाचा. ग्रीकमध्ये हे नाव द्वितीया विभक्तीत आहे आणि स्त्री ‘युनिया’ की पुरुष ‘युनियास’ हे फक्त आघातचिन्हावर ठरतं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आघातचिन्हं नाहीत. पुढे ती घालू लागल्यावर नकलाकारांनी स्त्रीलिंगीच घातली. युनिया हे लॅटिन स्त्रीनाव रोमच्या शिलालेखांत अडीचशेहून अधिक वेळा आढळतं. युनियास हे पुरुषनाव एकदाही नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम, जो बायकांच्या बाबतीत फार उदार नव्हता, या स्त्रीला प्रेषित म्हणवून घेण्याइतकं शहाणपण लाभलं म्हणून तिची वाखाणणी करतो. मध्ययुगापासून पश्चिमेत तिला पुरुष करायला सुरुवात झाली. अभ्यासकांच्या हाती असणाऱ्या नेस्ले यांच्या ग्रीक आवृत्तीत १९२७ पासून पुरुषलिंगी रूप छापलं गेलं आणि १९९८ च्या पुनर्मुद्रणात ते बदलून पुन्हा स्त्रीलिंगी झालं. साधारण इ.स. २०० च्या एका पपायरसमध्ये ‘युलिया’ आहे, तेही बाईचंच नाव. हा वाद आज जवळपास मिटला आहे.

दुसरा वाद शब्दयोगी अव्ययाचा. ‘प्रेषितांमध्ये नामांकित’, म्हणजे स्वतः प्रेषित, की ‘प्रेषितांना ठाऊक असलेली’? २००१ मध्ये काही अभ्यासकांनी दुसरा अर्थ जोरात मांडला. ग्रीक हीच मातृभाषा असलेल्या क्रिसोस्तोमाने पहिला अर्थ सहज घेतला, हे आमच्या मते वजनदार आहे, पण इथे मतभेद अजून प्रामाणिक आहेत. तुमच्या मराठी प्रतीत कोणता अर्थ घेतला आहे ते एकदा तपासा.

१०. फीबी ‘सेविका’ म्हणजे मोलकरीण का?

नाही. ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’. हाच शब्द पौल स्वतःला आणि अपुल्लोसाला लावतो (१ करिंथ ३:५), आणि फिलिप्पै १:१ मध्ये तो अध्यक्षांच्या जोडीने मंडळीतलं पद म्हणून येतो. तिथे बहुतेक भाषांतरं ‘सेवक’ किंवा ‘डीकन’ लिहितात आणि फीबीकडे आल्यावर सूर मऊ होतो. शिवाय ती नुसती मदतनीस नव्हे, ‘किंख्रियातल्या मंडळीची’ दियाकोनोस आहे. पदाला गाव जोडलेलं आहे. किंख्रिया हे करिंथचं पूर्वेकडचं बंदर.

पुढच्याच ओवीत तिला ‘प्रोस्तातिस’ म्हटलं आहे: आश्रयदाती, जिच्या पैशावर आणि ओळखीवर इतरांची कामं होतात. पौल स्वतःलाही तिचा उपकृत म्हणतो. रोमकरांसचं पत्र तिनेच नेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात, कारण पत्राच्या शेवटी ज्याची शिफारस असते तोच सहसा पत्र नेणारा असे. नेणाऱ्याला वाचून दाखवावं लागे आणि शंकांना उत्तरं द्यावी लागत.

‘दियाकोनिस्सा’ हे वेगळं स्त्रीलिंगी रूप चौथ्या शतकापासून दिसतं. त्या पदाचं पुढे काय झालं, ते प्रश्न १५ मध्ये.

११. प्रिस्किल्लाचं नाव नवऱ्याच्या आधी का येतं?

प्रिस्किल्ला (प्रश्न १ मधली प्रिस्का) आणि तिचा नवरा अक्विला या जोडप्याचा उल्लेख सहा वेळा आहे आणि त्यांपैकी चार वेळा ती आधी (कृत्ये १८:१८, १८:२६, रोम १६:३, २ तीमथ्य ४:१९). तेव्हाच्या रिवाजात नवरा आधी. उलट क्रम म्हणजे तिची प्रतिष्ठा किंवा मंडळीतलं काम मोठं. दोघांचा धंदा तंबू बनवण्याचा. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून घालवलं तेव्हा (साधारण इ.स. ४९) ते करिंथला आले. इफिसात त्यांनी अपुल्लोसाला, जो शास्त्रात मुरलेला वक्ता होता, घरी नेऊन अधिक नीट समजावलं. या ठिकाणी पुष्कळ नंतरच्या हस्तलिखितांत क्रम फिरवून अक्विलाला आधी घातलं आहे. नकलाकारालाही काहीतरी खटकलं असावं.

१२. ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ असं पौलाने स्पष्ट लिहिलंय. मग एवढी चर्चा कशाला?

कारण त्याच पत्रात तीन अध्याय आधी (१ करिंथ ११:५) तो स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं, असं सांगतो. गप्प राहून संदेश देता येत नाही. दोन्ही ओव्या एकदम धरायच्या तर वाटा मोजक्याच उरतात.

एक: १४:३४–३५ या ओव्या मूळच्या नाहीत, कुणाची तरी समासातली टीप मजकुरात शिरली. आधार असा की काही पाश्चात्य हस्तलिखितांत त्या ३३ नंतर नसून ४० नंतर येतात. अडचण अशी की त्या पूर्णपणे गाळलेलं एकही हस्तलिखित मिळालेलं नाही.

दोन: पौल करिंथकरांचंच म्हणणं उद्धृत करतो आणि ३६व्या ओवीत ‘देवाचे वचन तुमच्यापासूनच निघाले काय?’ असं फटकारतो. या पत्रात तो त्यांची वाक्यं अशी इतरत्रही घेतो. पण ती सहसा तुटक असतात, एवढी लांब नसतात.

तीन: मनाई सरसकट नाही. याच अध्यायात ‘गप्प राहा’ हे क्रियापद तिघांना आहे: अर्थ सांगणारा कुणी नसताना अन्य भाषेत बोलणारे (२८), दुसऱ्याला प्रकटीकरण झाल्यावर आधी बोलत असलेला संदेष्टा (३०), आणि स्त्रिया (३४). पहिल्या दोघांना कुणी जन्मभर गप्प बसवत नाही. ‘काही शिकायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं’ यावरून सभेतल्या प्रश्नांच्या गलबल्याचा विषय दिसतो.

आम्हाला तिसरी वाट सर्वांत कमी ओढाताणीची वाटते. परीक्षेत मात्र तिन्ही लिहा आणि प्रत्येकीची अडचणही लिहा. नुसता पर्याय सांगून थांबलेलं उत्तर अर्धं राहतं.

१३. आणि १ तीमथ्य २:१२? तिथे तर शिकवण्यालाच मनाई आहे.

तिथे अडचण शब्दाची आहे. ‘अधिकार चालवणे’ असं ज्याचं भाषांतर होतं ते ‘औथेंतेइन’ हे क्रियापद नव्या करारात फक्त इथेच आहे. अधिकारासाठीचा पौलाचा नेहमीचा शब्द वेगळा. हे क्रियापद साध्या अधिकारासाठी आहे की दडपशाहीसाठी, यावर आजही एकमत नाही. शिवाय पौलाच्या नावावरच्या तेरा पत्रांपैकी सात निर्विवाद त्याची मानली जातात, आणि तीमथ्याची दोन व तीताचं एक ही त्यांत नाहीत. पारंपरिक मत मात्र ती पौलाचीच मानतं.

एक चूक टाळा: ही ओवी ‘खरी’ आणि गलती ३:२८ (‘पुरुष व स्त्री हा भेदच नाही’) ही ‘भावनिक’, किंवा याच्या उलट. कोणती ओवी नियम आणि कोणती अपवाद, हे तुम्ही वाचण्याआधीच ठरवलं असेल तर वाद संपत नाही.

१४. पुनरुत्थानाच्या साक्षीदार स्त्रिया होत्या, तर पौलाच्या यादीत त्या का नाहीत?

१ करिंथ १५:५–८ मध्ये केफा (म्हणजे पेत्र), बारा, पाचशे बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि स्वतः पौल आहेत. मग्दालीया नाही. चारही शुभवर्तमानांत मात्र रिकाम्या कबरेशी ती आहेच. तिच्याबरोबरच्या स्त्रियांची नावं बदलतात, तिचं बदलत नाही.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की पौल आपल्याकडे आलेलं एक ठरीव सूत्र सांगतो आणि ते जाहीर साक्षीसाठी घडवलेलं होतं. यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये. दुसऱ्या शतकात केल्सस नावाचा टीकाकार याच मुद्द्यावर हसला: एका वेड्यापिशा बाईने पाहिलं म्हणे! लूकही सांगतो की प्रेषितांना बायकांचं बोलणं बाष्कळ वाटलं (२४:११). कुणी गोष्ट रचायला बसला असता तर त्याने असे साक्षीदार निवडले नसते. हा युक्तिवाद म्हणूनच चालतो, पण त्याने सिद्ध होतं ते एवढंच की ही आठवण जुनी आहे.

मार्काच्या सर्वांत जुन्या दोन पूर्ण प्रतींत शुभवर्तमान १६:८ लाच संपतं: त्या पळाल्या आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत.

१५. विधवांची यादी आणि डीकनेस ही खरोखर पदं होती का?

विधवांची यादी होती आणि तिच्या अटी लिहून ठेवल्या आहेत (१ तीमथ्य ५:९–१०): वय साठच्या खाली नको, एकाच नवऱ्याची, मुलं वाढवलेली, पाहुणचार केलेली, पवित्र जनांचे पाय धुतलेली, संकटात असलेल्यांना हात दिलेली. तरुण विधवांना यादीत घेऊ नका, असंही पुढे आहे. मंडळीवर पोसण्याचा भार होता, म्हणून ही चाळणी.

डीकनेसचा, म्हणजे स्त्री डीकनचा (प्रश्न १०), बायबलबाहेरचा एक फार जुना धागा एका रोमन अधिकाऱ्याच्या पत्रात सापडतो. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळ करून चौकशी केली, आणि ख्रिस्ती लोक त्यांना ‘मिनिस्त्रे’ (लॅटिनमध्ये सेविका) म्हणत. गुलाम, बाई आणि मंडळीची सेवक, तिन्ही एकाच ठिकाणी. तिसऱ्या शतकातला सिरियातला एक नियमग्रंथ त्यांचं काम सांगतो: बाप्तिस्म्याच्या वेळी स्त्रियांच्या अंगाला तेल लावणं (बाप्तिस्मा विवस्त्र होई), नव्या स्त्रियांना शिकवणं, आणि पुरुषाने जाणं अयोग्य अशा घरांत आजारी बायकांकडे जाणं. इ.स. ४५१ च्या खाल्केदोन परिषदेने त्यांचं किमान वय ४० ठरवलं. बाप्तिस्मा मुख्यतः तान्ह्या मुलांचा होऊ लागला तसं हे काम आटत गेलं.

१६. निकियाच्या परिषदेत स्त्रियांची पुस्तकं बायबलमधून काढून टाकली ना?

निकिया येथल्या बिशपांच्या परिषदेत (इ.स. ३२५) बायबलची पुस्तकं ठरवलीच गेली नाहीत. आज आपल्या हातात असलेल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम बिशप अथनासियसच्या ३६७ च्या पत्रात दिसते, आणि तीही आधीपासून वाचनात असलेल्या पुस्तकांची नोंद होती.

ज्यांबद्दल हा प्रश्न येतो ती पुस्तकं मुख्यतः दोन. मरीयेचं शुभवर्तमान: दुसऱ्या शतकातलं, १८९६ मध्ये कैरोत विकत घेतलेल्या कॉप्टिक वहीत मिळालं, छापलं गेलं १९५५ मध्ये. पहिली सहा आणि मधली चार पानं नाहीत. त्यात पेत्र तिच्या शिकवणीवर आक्षेप घेतो आणि लेवी तिची बाजू घेतो. दुसरं, पौल आणि थेक्ला यांची कृत्ये: इकुन्याची थेक्ला लग्न मोडते, स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देते आणि उपदेश करते. टर्टुलियन हा प्राचीन ख्रिस्ती लेखक सांगतो की आशियातल्या एका वडिलाने (मंडळीतल्या पदाधिकाऱ्याने) पौलावरच्या प्रेमापोटी हे लिहिल्याचं कबूल केलं आणि त्याला पद सोडावं लागलं. टर्टुलियनची चिडचिड एवढ्यासाठीच होती की थेक्लाचा दाखला देऊन बायका शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क मागत होत्या.

१७. नव्या करारातलं एखादं पुस्तक स्त्रीने लिहिलं असेल का?

१९०० मध्ये आडोल्फ फॉन हार्नाक या जर्मन विद्वानाने इब्री लोकांस पत्र प्रिस्किल्लाने लिहिलं असावं, असं सुचवलं. पत्राला लेखकाचं नाव नाही, म्हणून कल्पना आकर्षक आहे. पण ११:३२ मध्ये लेखक स्वतःबद्दल जे ग्रीक कृदंत वापरतो ते पुल्लिंगी आहे. त्यावर अजून समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही.

१८. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट माझ्या प्रतीत कंसात का आहे?

योहान ७:५३ ते ८:११ हा भाग सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत नाही. पाचव्या शतकातल्या एका प्रतीत तो प्रथम दिसतो आणि काही प्रतींत तर तो लूक २१ नंतर आहे. घटना जुन्या आठवणीतली असू शकते, पण जागा नक्की नाही. ऑगस्टीन या प्राचीन बिशपला वाटत होतं की बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी तो काढला. वाचताना एक पाहा: लेवीय २०:१० प्रमाणे दोघांनाही शिक्षा आहे, आणि आणलं आहे फक्त तिला.

१९. मराठी प्रत वाचताना कोणत्या शब्दांवर थांबायचं?

‘बंधूंनो’: ग्रीक ‘आदेल्फोई’मध्ये बहिणीही येतात. फिलिप्पैच्या पत्रात ‘बंधूंनो’ म्हणत पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नावाने समजावतो (४:२). ‘सेविका’: प्रश्न १०. ‘नुंफा’ (कलस्सै ४:१५): ‘तिच्या घरातली मंडळी’ की ‘त्याच्या’? हस्तलिखितांत दोन्ही आहेत, जुना आणि बळकट पाठ ‘तिच्या’.

शक्य असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. त्यांतलं एक पंडिता रमाबाईंचं असेल तर उत्तमच. त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

२०. मग आज काही चर्चमध्ये स्त्री पाळक आहेत आणि काहींत नाहीत, ते कशामुळे?

वर आलेल्या ओव्यांना कोण किती वजन देतं, आणि परंपरेला किती, यामुळे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकाची दीक्षा मिळते. कॅथलिक चर्चमध्ये नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये हा निर्णय अंतिम असल्याचं जाहीर केलं आणि त्याचा मुख्य आधार होता तो येशूने बारा पुरुष निवडले हा (प्रश्न ८). डीकनेसचा प्रश्न मात्र त्यात आला नव्हता. त्यावर पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये अभ्यासगट नेमले.